सर्व्हर कुठे, जबाबदारी कुणाची

वर्सोव्याच्या चौपाटीवर वाळूखाली काँक्रीटचे काही चेंबर पुरलेले आहेत. वरून ते दिसत नाहीत. अरबी समुद्राच्या तळावरून आलेली ऑप्टिकल फायबरची केबल त्यात शिरते. तिथे तिच्यावरचं पोलादी कवच उतरवून तिला जमिनीवरच्या फायबरशी जोडतात आणि पुढे रस्त्याखालच्या पाइपांतून ती लँडिंग स्टेशनपर्यंत जाते. खोल समुद्रात ही केबल जेमतेम 2 सेंटिमीटर जाडीची असते. किनारा जवळ आला, की बोटींचे नांगर आणि मासेमारीची जाळी यांच्यापासून जपायला तिच्यावर पोलादी तारांचे एक-दोन थर चढवावे लागतात. आतले काचेचे धागे केसाएवढे बारीक असतात. दर 60 ते 100 किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा जोर देणारे रिपीटर बसवलेले असतात आणि त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून, हजारो व्होल्टच्या दाबाने, त्याच केबलीतून पाठवतात. किनाऱ्यालगत केबल टाकण्याचं काम पावसाळ्यात करता येत नाही. त्याला किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, आणि ज्या पाण्यातून केबल येते ते वेसावे कोळीवाड्याचं मासेमारीचं पाणी आहे.

फाल्कन, जीबीआय अशा अनेक केबली याच भागात किनाऱ्याला लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून 2023मध्ये दिलेल्या शिफारशींत देशाचा हिशेब मांडला आहे. 2022च्या अखेरीस भारतात 17 आंतरराष्ट्रीय केबली होत्या आणि त्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या 5 शहरांतल्या 14 स्टेशनांवर उतरत होत्या. त्यांची चालू क्षमता होती सेकंदाला सुमारे 138 टेराबिट आणि प्रत्यक्ष वापरात आणलेली 111 टेराबिट. यातला मोठा वाटा मुंबईचा, आणि मुंबईतला मोठा वाटा वर्सोव्याच्या काही किलोमीटरांच्या किनारपट्टीचा. मुंबईला हे काही नवं नाही. 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन अशी तारेची केबल टाकली, आणि तेव्हापासून हे शहर समुद्राखालच्या तारांवर जगाशी बोलत आलं आहे.

क्लाऊडचा विचार करणाऱ्या प्रत्येक आयटी प्रमुखाने एकदा या किनाऱ्यावर यावं असं मला मनापासून वाटतं. क्लाऊड विकणारी मंडळी आपल्याला पडद्यावर आकृती दाखवतात. तिच्यात सगळं कुठेतरी वर, हवेत असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक फाइल एका विशिष्ट शहरातल्या, विशिष्ट रस्त्यावरच्या, विशिष्ट इमारतीत असते. तिला वीज कुठल्या तरी उपकेंद्रातून येते आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट कुणीतरी खणलेल्या चरातून जाते. एवढं डोळ्यांपुढे ठेवलं, की पुढचे निर्णय बरेच सरळ होतात.

संचालकांच्या बैठकीत प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: आपण क्लाऊडवर कधी जाणार? आयटी प्रमुखांनी आधी या प्रश्नाचे तुकडे करावेत. कुठलं काम जाणार? ते कुठल्या शहरात राहणार? तिथपर्यंतची वाट कोणती? ते बंद पडलं तर किती वेळ चालेल, आणि बंद पडल्यावर पुढचा निर्णय कोण घेणार? अख्ख्या कंपनीला लागू पडेल असं एकच उत्तर या प्रश्नांना नसतं. पगाराचं सॉफ्टवेअर, ग्राहकांचं अ‍ॅप, पंधरा वर्षं जुनं लेजर आणि कार्यालयातले ईमेल यांना चार वेगळी उत्तरं मिळतील, आणि तशी मिळायलाच हवीत.

अंतरापासून सुरुवात करू. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर 1,000 किलोमीटर लांब गेला, की जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद वाढले. हे भौतिकशास्त्र आहे, जास्त पैसे मोजून ते बदलत नाही. सिंगापूरहून उत्तर यायला 60 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका प्रश्नोत्तराला हा वेळ जाणवतही नाही. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान उघडायला डेटाबेसकडे चाळीस वेळा जावं लागतं. डेटाबेस शेजारच्या रॅकमध्ये असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. मग कुणीतरी सॉफ्टवेअर सिंगापूरला हलवतो, डेटाबेस अंधेरीच्या कार्यालयातच ठेवतो, आणि तेच पान उघडायला अडीच सेकंद लागू लागतात. काउंटरवर रांग वाढते, आणि दोष येतो क्लाऊडवर. खरं तर एकमेकांशी सतत बोलणारी दोन कामं वेगळी करायला नको होती. कुठलं सॉफ्टवेअर कुणाशी किती वेळा बोलतं याचा नकाशा काढणं हे स्थलांतराचं पहिलं काम. तो कंटाळवाणा असतो, त्याला महिने लागतात, आणि तो न काढता निघालेल्यांची फजिती होते.

आता मुंबईकरांना सिंगापूरला जायची गरज फारशी उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2015मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे अझ्यूर या आपल्या क्लाऊडची केंद्रं उघडली. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रिजन, म्हणजे इथल्या डेटा सेंटरांचा समूह, जून 2016मध्ये सुरू झालं, गूगलचं 2017च्या अखेरीस. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे आणि इकडे चांदिवलीत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या. जुलै 2020मध्ये पनवेलला योट्टा कंपनीचं मोठं केंद्र सुरू झालं. हे सगळं इथेच का आलं, याची कारणं उघड आहेत. बँका, शेअर बाजार, विमा आणि चित्रपट उद्योग मुंबईत, आणि समुद्रातून येणाऱ्या केबलीही मुंबईत. जानेवारी 2018मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या विभागांसाठी सार्वजनिक क्लाऊडचं धोरण जाहीर केलं, त्यालाही देशातच डेटा ठेवता येणं हे मोठं निमित्त होतं.

मुंबई रिजन निवडलं म्हणजे समुद्राशी संबंध संपला असं मात्र नाही. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची क्षमता निम्म्याच्या आसपास आली. 2024च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबड्या समुद्रात एएई-1 आणि ईआयजीसह काही केबली तुटल्या. हल्ल्यात जायबंदी होऊन वाहत चाललेल्या जहाजाचा नांगर तळावरून ओढला गेला, हे त्याचं सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं. त्यांच्या दुरुस्तीला महिने लागले. मग 6 सप्टेंबर 2025 रोजी जेद्दाहजवळ एसएमडब्ल्यू-4 आणि आयएमईडब्ल्यूई तुटल्या आणि मायक्रोसॉफ्टला आपल्या अझ्यूर ग्राहकांना कळवावं लागलं, की मध्यपूर्वेतून जाणारी वाहतूक मंदावेल. 2024 आणि 2025मधल्या, नाव घेतलेल्या या चारही केबली मुंबईला लागतात. ज्यांचे ग्राहक युरोपात आहेत आणि सर्व्हर मुंबईत, त्यांनी आपला सेवादाता पश्चिमेची वाट बंद झाल्यावर चेन्नईहून पूर्वेकडे वळतो का, आणि वळल्यावर किती मिलिसेकंद वाढतात, हे आधी विचारून ठेवावं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आपली यंत्रं मुंबईत असली, तरी त्यांचा ताबा जिथून चालतो त्या काही सेवा परदेशात असू शकतात. 20 ऑक्टोबर 2025 रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रिजनमध्ये डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी यंत्रणा बिघडली. त्या रिजनवर अवलंबून असलेल्या काही जागतिक सोयी, उदाहरणार्थ वापरकर्त्यांच्या परवानग्यांतले बदल, इतरत्रही अडल्या. म्हणून सेवादात्याला विचारावं: मुंबई जगापासून तुटली, तर माझे लोक लॉगिन करू शकतील का? याचं लेखी उत्तर मागावं.

आणि शहर स्वतः? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांत तळमजले आणि बेसमेंट पाण्याखाली गेले. जनरेटर आणि यूपीएस तळघरात ठेवणाऱ्यांना त्या दिवशी जे कळलं, ते कळायला कुठल्याही सल्लागाराची गरज नव्हती. 12 ऑक्टोबर 2020च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा इथल्या वीजवाहिन्यांच्या बिघाडातून मुंबई महानगरातली वीज गेली, लोकल थांबल्या, काही भागांत संध्याकाळपर्यंत अंधार होता. मोठी डेटा सेंटर डिझेलवर चालत राहिली. कार्यालयातल्या छोट्या सर्व्हर रूम मात्र यूपीएसची बॅटरी संपेपर्यंतच टिकल्या. लहान आणि मध्यम कंपन्यांनी क्लाऊडकडे जावं असं मी जे म्हणतो, त्यामागे हे मोठं कारण आहे. दोन उपकेंद्रांतून वीज, दोन दिवसांचं डिझेल, आग विझवण्याची वायूची यंत्रणा आणि चोवीस तास पहारा हे सारं चाळीस माणसांच्या कंपनीला एकटीने परवडत नाही, आणि परवडलं तरी ते नीट सांभाळणं तिचं काम नाही.

जबाबदारीच्या वाटणीबाबत लोकांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो. ती हाउसिंग सोसायटीसारखी असते. वॉचमन, लिफ्ट, पाण्याची टाकी, गच्ची सोसायटीकडे. आपल्या फ्लॅटचं कुलूप, आतला गॅस, किल्ली कुणाला दिली याचा हिशेब आपल्याकडे. क्लाऊड कंपनी इमारत, वीज, यंत्रं आणि त्यांच्याखालचं सॉफ्टवेअर सांभाळते. कुठला फोल्डर सगळ्या जगाला उघडा राहिला, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड अजून चालतो का, बॅकअप घेतला जातो का, हे ग्राहकाचं काम. क्लाऊडवरून डेटा फुटल्याच्या अनेक प्रकरणांत मूळ शोधलं, तर ते उघड्या राहिलेल्या फोल्डरमध्ये किंवा हरवलेल्या किल्लीत सापडतं. करार करतानाच एक तक्ता काढावा. प्रत्येक ओळीत एक काम, आणि समोर एकच नाव. दोन नावं आली, की ते काम कुणाचंच नसतं.

कायदाही ग्राहकालाच धरतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018मध्ये पेमेंटचा डेटा फक्त भारतात ठेवण्याचा आदेश दिला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. सेबीने मार्च 2023मध्ये क्लाऊडसाठी स्वतंत्र चौकट आणली. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2023चे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश बँकांना स्पष्ट सांगतात, की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही.

आता एका प्रसंगाकडे जरा सविस्तर पाहू. तो वर्सोव्यापासून फार लांब घडलेला नाही. 24 फेब्रुवारी 2021. वांद्रे-कुर्ला संकुलातला राष्ट्रीय शेअर बाजार. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या मासिक मुदतीला एक दिवस उरलेला. सकाळी दहा वाजून गेल्यावर निर्देशांकाचे आकडे हलेनासे झाले. 11 वाजून 40 मिनिटांनी बाजाराने सर्व विभागांतले व्यवहार थांबवले. ते सुरू झाले दुपारी पावणेचारला, म्हणजे एरवीची वेळ संपल्यावर, आणि पाचपर्यंत चालले. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अर्धवट होते, त्यांच्यातल्या काहींनी मुंबई शेअर बाजारात ते मिटवले, आणि अनेकांना तोटा सोसून ते सोडावे लागले.

बाजाराकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक लिंक होत्या. कागदावर सगळं दुहेरी होतं. नंतर दिलेल्या खुलाशात बाजाराने सांगितलं, की मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांच्यामधल्या रस्त्यावर चाललेल्या खोदकामामुळे लिंक तुटल्या. लिंक तुटल्या तरी मुख्य केंद्र एकट्याने चालायला हवं होतं. पण माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत होती, पण जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा मिळेना, आणि तिच्याशिवाय व्यवहार चालवणं धोक्याचं. लांबचं पर्यायी केंद्र चेन्नईत होतं. त्या दिवशी तिकडे जायचं नाही, असं ठरलं.

हा क्लाऊडवरचा अपघात नव्हता. बाजाराची केंद्रं स्वतःची होती, तरबेज माणसं होती, पैसा कमी नव्हता. म्हणूनच क्लाऊडचा विचार करणाऱ्यांनी तो वाचावा. दोन कंपन्यांच्या लिंक घेतल्या, तरी त्या एकाच रस्त्याच्या कडेने जात असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. मुंबईत मेट्रो, रस्त्यांचं काँक्रिटीकरण, पाण्याच्या वाहिन्या यांची कामं सतत चालू असताना ही शक्यता पुस्तकी राहत नाही. लिंक विकणाऱ्याकडे तिचा प्रत्यक्ष मार्ग दाखवणारा नकाशा मागावा, आणि दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावेत. अंधेरीच्या कार्यालयातून महाप्याला जाणाऱ्या दोन वाटा खाडी एकाच पुलावरून ओलांडतात का, हे पाहायला एक दुपार पुरते.

त्याहून महत्त्वाची बाब निर्णयाची आहे. पर्यायी केंद्रावर जायचं की मूळ ठिकाणी दुरुस्ती होईल म्हणून थांबायचं, हा प्रश्न अशा दिवशी सगळ्यांनाच चक्रावतो. ‘अजून दहा मिनिटांत होईल’ असं म्हणत तास जातात. सेबीने त्यानंतर मार्च 2021मध्ये बाजारांसाठी नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यावर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण तो घड्याळाला अधिकार देतो. कुठल्याही कंपनीत असाच नियम लिहून ठेवता येतो. अमुक मिनिटं झाली, की अमुक पदावरची व्यक्ती, वरिष्ठांना न विचारता, फेलओव्हरचा, म्हणजे पर्यायी केंद्रावर जाण्याचा, आदेश देईल. तो निर्णय चुकीचा ठरला तरी तिच्यावर कारवाई होणार नाही, हेही त्याच कागदावर लिहावं. नाहीतर आदेश द्यायला कुणी धजत नाही.

मिनिटं किती, हे मात्र कामावर अवलंबून. इस्पितळाचं बिलिंग अर्धा तास बंद राहिलं तर हाताने पावत्या फाडता येतात, पण अपघात विभागात रुग्णाची अ‍ॅलर्जी दाखवणारा पडदा पाच मिनिटंही बंद राहून चालत नाही. पगाराची यंत्रणा महिन्याच्या 10 तारखेला दोन दिवस बंद पडली तर कुणाला कळतही नाही, 30 तारखेला दोन तास पडली तर बोंब होते. प्रत्येक कामासाठी दोन आकडे ठरवावे लागतात: किती वेळ बंद चालेल, आणि किती वेळापूर्वीपर्यंतचा डेटा गेला तर चालेल. हे आकडे आयटी विभागाने एकट्याने ठरवू नयेत. ज्यांचं काम आहे, त्यांना विचारावं, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याची किंमत लिहावी. ‘शून्य मिनिटं’ असं सगळेच म्हणतात. किंमत पाहिली, की ‘चार तास चालतील’ असं उत्तर येतं.

खर्चाबद्दल बोलायला पुन्हा वर्सोव्याला येऊ. आरामनगरच्या बैठ्या बंगल्यांत आणि आसपासच्या गल्ल्यांत निर्मिती संस्थांची, कास्टिंगची, एडिटिंगची कार्यालयं दाटीने आहेत. समजा, तिथला एक एडिटिंग स्टुडिओ आहे आणि एका वेब मालिकेचं 20 टेराबाइट फुटेज हार्ड डिस्कवर आलं आहे. 100 एमबीपीएसच्या लाइनवरून ते क्लाऊडवर चढवायचं म्हटलं, तर लाइन अखंड पूर्ण वेगाने चालली तरी साडेअठरा दिवस लागतील. 1 जीबीपीएसची लाइन घेतली, तर दोन दिवसांच्या आत. चढवताना बहुधा पैसे लागत नाहीत. खाली उतरवताना लागतात. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रिजनमधून डेटा बाहेर काढण्याचा जाहीर दर गेली काही वर्षं पहिल्या 10 टेराबाइटसाठी जीबीमागे 11 सेंटच्या आसपास आणि त्यापुढे थोडा कमी आहे. म्हणजे ते 20 टेराबाइट एकदा पूर्ण खाली आणायला दोन हजार डॉलरच्या आसपास, पावणेदोन लाख रुपयांच्या घरात. एडिटरने रोज मूळ फुटेज क्लाऊडवरून ओढायचं ठरवलं, तर मालिका संपण्याआधी बजेट संपेल.

पण त्याच स्टुडिओला क्लाऊड फार उपयोगीही आहे. एडिटर मुळात प्रॉक्सीवर, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रतीवर काम करतात. या प्रती क्लाऊडवर ठेवल्या, तर दिग्दर्शक लोणावळ्याहून आणि संगीतकार चेन्नईहून तोच कट पाहू शकतात. मूळ फुटेज स्टुडिओतल्या स्टोरेजवर राहावं, त्याची एक प्रत टेपवर, आणि एक क्लाऊडच्या स्वस्त, संथ कप्प्यात, आग किंवा पूर आला तर हाताशी असावी म्हणून. शेवटच्या आठवड्यात व्हीएफएक्सच्या रेंडरला दोनशे यंत्रं लागली, तर ती चार रात्रींपुरती भाड्याने घ्यावीत. एकाच कामाचे हे चार तुकडे झाले, प्रत्येकाचं घर वेगळं. असा विचार करणारा स्टुडिओमालक मला बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या आयटी प्रमुखांपेक्षा पुढे वाटतो.

भाड्याने घेण्याचा खरा फायदा चढउतार असलेल्या कामात. मुंबईच्याच हॉटस्टारने 2019च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी 2 कोटी 53 लाख प्रेक्षकांना दाखवला. 2023च्या अंतिम सामन्यात हा आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला. वर्षातल्या अशा मोजक्या दिवसांसाठी एवढी यंत्रं विकत घेऊन ठेवणं वेडेपणा ठरला असता. त्यांच्या अभियंत्यांनी नंतर सांगितलेली एक बारीक गोष्ट मला फार शिकवणारी वाटते. गर्दी वाढते तेव्हाच धोका असतो असं आपल्याला वाटतं. पण 2019च्या त्या उपांत्य सामन्यात धोनी बाद झाला आणि लक्षावधी लोकांनी एकाच क्षणी मागे जाण्याचं बटण दाबलं. व्हिडिओवरचा भार कोसळला, पण ती सगळी गर्दी मुखपृष्ठावर आली, आणि मुखपृष्ठ चालवणाऱ्या यंत्रांना ती झेलावी लागली. गर्दी येऊ लागल्यावर आपोआप यंत्रं वाढवण्याची सोय अशा वेळी अपुरी पडते, कारण नवं यंत्र उभं राहायला मिनिटं लागतात. म्हणून त्यांनी यंत्रं आधीच उभी करून ठेवली होती. क्लाऊड घेतला म्हणून भाराचं गणित करण्यातून सुटका होत नाही.

उलट टोकाला अमेरिकेतली 37सिग्नल्स ही सॉफ्टवेअर कंपनी. 2022 साली त्यांचं क्लाऊडचं बिल 32 लाख डॉलर झालं. त्यांचं काम वर्षभर सारखं चालणारं होतं, माणसं तरबेज होती. त्यांनी स्वतःचे सर्व्हर घेऊन क्लाऊडमधून बाहेर पडायला सुरुवात केली. त्यांचं गणित त्यांच्यासाठी बरोबर होतं. आपल्या कंपनीत रात्रंदिवस सारख्याच भाराने चालणारं काम असेल, तर तेच गणित आपणही मांडून पाहावं. त्यात भारतीयांनी एक ओळ वाढवावी: दर बहुधा डॉलरमध्ये ठरतात. मुंबई रिजन सुरू झालं तेव्हा डॉलर 67 रुपयांच्या आसपास होता, 2025मध्ये तो 85च्या पुढे गेला. वापर तेवढाच राहिला तरी बिल वाढतं.

बिलाची सवय कंपनीला लावावी लागते. पूर्वी सर्व्हर घ्यायचा तर खरेदी विभाग, तीन कोटेशनं, सह्या. आता एक मुलगा दुपारी चाचणीसाठी मोठं यंत्र सुरू करतो, शुक्रवारी घरी जातो, आणि ते यंत्र महिनाभर चालू राहतं. त्याला रागावून उपयोग नाही. प्रत्येक यंत्राला मालकाचं नाव आणि संपण्याची तारीख लावल्याशिवाय ते सुरूच होणार नाही, अशी सोय करावी. बिल दर आठवड्याला त्या त्या विभागाच्या टेबलावर जावं.

आणि माणसं. वीस वर्षं सर्व्हर रूम सांभाळणारे लोक क्लाऊडचं नाव ऐकून घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. अनेक ठिकाणी त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत काही सांगितलंच जात नाही. हे माणुसकीला धरून नाहीच, धंद्याच्याही तोट्याचं आहे. कुठलं सॉफ्टवेअर महिनाअखेरीला रुसतं, कुठल्या केबलीला हात लावायचा नाही, ही माहिती कुठल्याही दस्तऐवजात नसते, त्यांच्या डोक्यात असते. स्थलांतराच्या पहिल्या बैठकीत त्यांना बसवावं, शिकायला कार्यालयीन वेळ द्यावा, परीक्षेची फी कंपनीने भरावी. नेटवर्क, परवानग्या, बॅकअप यांची समज असलेला माणूस काही महिन्यांत क्लाऊड शिकतो. नुसता क्लाऊडचा पडदा शिकलेल्याला ती समज यायला वर्षं लागतात.

बाहेर पडण्याची वाट आत जाण्याआधी पाहावी. 2024च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही जाहीर केलं, की कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून डेटा बाहेर काढण्याचे पैसे घेणार नाही. अटी आहेत, त्या करारापूर्वी वाचाव्यात. पण डेटा काढता आला, तरी त्या कंपनीच्या खास सेवांवर बांधलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. खास सेवा वापरूच नयेत असं माझं म्हणणं नाही, त्यांच्यामुळे महिन्यांचं काम दिवसांत होतं. कुठे बांधले जात आहोत याची यादी ठेवावी, आणि ज्या कामावर धंद्याचा जीव आहे तिथे जपून पाऊल टाकावं.

बॅकअपबाबत मात्र माझं मत ठाम आहे: एक प्रत वेगळ्या सेवादात्याकडे हवीच. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीची एक अख्खी डेटा सेंटर इमारत जळाली. ज्यांनी बॅकअप त्याच आवारात ठेवले होते, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. मे 2024मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाऊडवरचा खासगी क्लाऊडच एका चुकीच्या मांडणीमुळे पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांचा निधी. त्यांनी आणखी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, म्हणून उभं राहायला मदत झाली. तरी पूर्ववत व्हायला आठवड्याहून अधिक काळ गेला.

तेव्हा वर्षातून एका रविवारी त्या दुसऱ्या प्रतीवरून एक महत्त्वाची यंत्रणा खरोखर उभी करून पाहावी. ज्याने ती मूळ बांधली, त्याला त्या दिवशी सुट्टी द्यावी आणि बाकीच्यांनी फक्त लिहून ठेवलेल्या सूचनांवरून काम करावं. पासवर्ड कुठे अडला, कुठली पायरी कागदावर नव्हती, किती तास लागले, हे सोमवारी संचालकांपुढे ठेवावं, आणि पुढच्या वर्षीच्या बजेटची चर्चा त्या कागदावरून सुरू करावी.